भूलचूक देणेघेणे

डॉ. लिंडक्विस्ट,
मंगळवारी दहा बेचाळीसला तुम्ही कुठे होतात?

रागावू नका. हे विचारण्याचाच मला पगार मिळतो.
वर तुम्ही माणसं झोपवता,
खाली तळघरात, बॉयलरच्या भिंतीला पाठ टेकून,
मी त्या झोपेचे पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे पाडते
आणि दर लावून सरकारकडे पाठवते.

खोली तीनमधल्या मिसेस कोस्किनेन
दहा त्रेपन्नला भुलेतून बाहेर आल्या.
खोली पाचमध्ये टोइव्हो मात्तिला,
खनिजाच्या धक्क्यावर बर्फात घसरून खुबा मोडलेला,
दहा बेचाळीसला आत गेला.
एक, दोन आणि चार तर चालूच होत्या.
म्हणजे अकरा मिनिटं
पाच माणसं एकाच वेळी
तुमच्या नावावर झोपलेली होती.

चारपर्यंत त्याला मार्गदर्शन म्हणतात.
पाचवं दार उघडलं की तेच पर्यवेक्षण होतं
आणि पर्यवेक्षणाला फारसा भाव नाही.

फोनवर तुम्ही म्हणालात,
"दारात होतो मी, लोर्ना.
एक पाय तीनमध्ये, एक कॉरिडॉरमध्ये.
आणि पाचमध्ये आयला होती. आयलाला काय कळत नाही?"

आयलाला सगळं कळतं.
बावीस वर्षं ती भूल देते आहे,
मॉनिटर बोलायच्या आधी तिची मान वळते.
पण सात अटींमध्ये
आयलाची मान कधी वळली याला रकाना नाही.
झोपवताना तुम्ही हवेत, उठवताना तुम्ही हवेत,
मध्ये अधूनमधून हवेत,
बाकी वेळ हाकेच्या अंतरावर.
दाराबद्दल कुणीच काही लिहून ठेवलेलं नाही.
मुलं खेळतात ना, तळ्यात, मळ्यात,
त्यात रेघेवर सापडला तो बाद.

आमच्या कामात एक वाक्य सगळ्यांना पाठ असतं:
लिहिलं नाही ते घडलं नाही.
ते उलटं करून कुणी म्हणत नाही.

गेल्या मार्चमध्ये माझं पित्ताशय काढलं, इथेच, खोली दोनमध्ये.
काल मी माझा कागद उघडला.
उघडायला नको होता, तेही नियमात बसत नाही.
"रुग्ण शुद्धीवर येताना स्वतः हजर."
खाली तुमची सही, लांब शेपटीची.

मला आठवतो तो एकच हात.
कोमट, बारीक नखांचा.
आणि अनुनासिक, थोडा घसा बसलेला बाईचा आवाज:
"श्वास घे. तुझं सगळं इथेच आहे."
पायाशी तुम्ही उभे असाल.
असालही.
भुलेतल्या बाईची साक्ष कोण धरतं?
ते बिल शेजारच्या टेबलावरच्या ग्लेननं पास केलं,
माझ्या वाट्याचे एकशे ऐंशी डॉलर
मी तीन हप्त्यांत फेडले.
त्यात त्या हाताचे किती
ते अजून मला काढता आलेलं नाही.

पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात छापतात तसं
मलाही कधीतरी छापावंसं वाटतं:
भूलचूक देणेघेणे.
पण आमच्या फॉर्ममध्ये तेवढी जागा नाही.

मात्तिला बरा आहे. काल चार पावलं चालला,
जेवणाबद्दल तक्रार केली.
कुणाचं काही बिघडलं नाही,
आणि हेही कुठल्या रकान्यात बसत नाही.

तर मी पाचही खोल्यांचा कोड बदलते आहे.
तुमचे पैसे कमी होतील,
वरच्या मजल्यावरून मला बोलावणं येईल,
खिडकी असलेल्या खोलीत, निदान सरोवर दिसेल.

तुम्हाला काही लिहायचं असेल तर
खाली दोन ओळी सोडल्या आहेत.
निळं पेन चालेल.
फक्त तारीख आजची घाला.
आज आठवलं असेल
तर आज आठवलं, असंच लिहा.